खुलासा : शुभांशू शुक्ला 'भारताच्या यानातून' गेले नव्हते

'खडकवासल्याच्या एनडीएत घडलेले शुभांशू शुक्ला भारताच्या यानातून, कुणाच्याही मदतीशिवाय अंतराळात गेलेले पहिले भारतीय,' असा मेसेज पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. त्यातलं एनडीएचं, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचं, खरं, आणि त्याचा पुणेकरांना अभिमान वाटणारच. बाकीचं चूक आहे.

पहिले राकेश शर्मा. तेही एनडीएचेच! ३ एप्रिल १९८४ रोजी ते सोव्हिएत सोयुझ यानातून गेले. शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर पोहोचलेले पहिले भारतीय.

२५ जून २०२५ ला ते फ्लोरिडातून, स्पेसएक्स या अमेरिकन कंपनीच्या ड्रॅगन यानातून निघाले. कमांडर अमेरिकेच्या पेगी व्हिटसन. सोबत एक पोलंडचा, एक हंगेरीचा अंतराळवीर. स्थानकावर पोहोचल्यावर शुक्लांना ६३४ क्रमांकाची अंतराळवीराची पिन दिली ती व्हिटसन यांनीच.

मदत घेतली म्हणून त्यांचं कर्तृत्व कमी होत नाही. ते स्थानकच मुळी १५ देशांनी मिळून उभारलंय. तिथून पंतप्रधानांशी बोलताना शुक्ला म्हणाले होते की वरून कुठलीही सीमा दिसत नाही, पृथ्वी एकच दिसते. त्यांच्याच नावावर 'कुणाच्याही मदतीशिवाय' खपवणं मला फार खटकलं. मेसेज पुढे पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर ही दुरुस्तीही टाका.