लाल लघवी म्हणजे ‘उष्णता’ नव्हे! बोंगोच्या ‘सात सुवर्णनियमां’ना उत्तर

परवा रात्री साडेदहाला ऐरोलीहून पुतणीचा फोन आला. सतरा वर्षांची पोर, सोसायटीच्या गणपतीत यंदा बोंगो (हाताने वाजवायची दोन छोट्या ड्रमची जोडी) वाजवायचाच म्हणून जूनपासून हट्टाने शिकतेय. आवाज रडवेला होता. “काका, लघवी लाल झालीये. पण मेसेजमध्ये लिहिलंय की घाबरायचं नाही. खरंच नाही ना घाबरायचं?”

तो मेसेज तिने मला पाठवला. वर ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ अशी खूण आणि नाव ‘बोंगो शिकणाऱ्यांसाठी सात सुवर्णनियम’. नियम थोडक्यात असे: हात सुजेपर्यंत वाजवा, दुखलं म्हणजे हात तयार होतोय. बोंगो मांड्यांनी जितका घट्ट आवळाल तितका आवाज खुलतो. थाप खांद्यातून आणा. लघवी लाल झाली तर ती अंगातली उष्णता, धने-जिऱ्याचं पाणी प्या आणि रियाज चालू ठेवा. रोज सलग चार तास, मध्ये उठायचं नाही. स्टँड वापरतो तो वादक नव्हे. आणि रात्री हात मिठाच्या पाण्यात बुडवा, म्हणजे कातडी दगडासारखी होते.

मी २२ वर्षं ठाण्यातल्या ऑर्केस्ट्रांत बोंगो आणि कोंगो (बोंगोचा उंच, मोठा भाऊ) वाजवतोय. गडकरी रंगायतन, वाशीचं भावे नाट्यगृह, आणि कळव्यापासून दिव्यापर्यंतच्या हळदी, त्याही पहाटे तीन-तीनपर्यंत. त्या अनुभवावर सांगतो, हा मेसेज पोरांचे हात आणि मूत्रपिंडं दोन्ही धोक्यात घालणारा आहे.

आधी तो उष्णतेचा नियम, कारण त्याच्याइतकं घातक त्यात दुसरं काही नाही.

हाताने जोरात आणि खूप वेळ वाजवलं की काही जणांची लघवी लाल किंवा गंजाच्या रंगाची होते. ही गोष्ट वैद्यकशास्त्राला चांगली माहीत आहे. २००८ मध्ये ‘क्लिनिकल जर्नल ऑफ द अमेरिकन सोसायटी ऑफ नेफ्रॉलॉजी’ या मूत्रपिंडविकारांच्या नियतकालिकात उरुग्वेच्या कांदोंबे वादकांवर एक अभ्यास छापून आला. कांदोंबे म्हणजे आपल्या ढोलपथकासारखाच प्रकार. ढोल खांद्याला अडकवायचा, एका हातात काठी, दुसरा हात उघडा, आणि चालत चालत तासन्‌तास वाजवायचं. या वादकांची लघवी गंजाच्या रंगाची का होते, हाच त्या अभ्यासाचा विषय होता. उत्तर असं निघालं की तळहात पुन्हा पुन्हा आपटल्याने तिथल्या रक्तवाहिन्यांतल्या तांबड्या पेशी चिरडून फुटतात. त्यांच्यातलं हिमोग्लोबिन रक्तात मोकळं होतं आणि मूत्रपिंडातून लघवीत उतरतं. लांब कूच केलेल्या सैनिकांमध्ये तळपायामुळे नेमकं हेच होतं. त्याची पहिली नोंद १८८१ सालची आहे, एका जर्मन सैनिकाची.

म्हणजे बाहेर पडतंय ते फुटलेल्या रक्तपेशींतलं हिमोग्लोबिन. उष्णता कसली? पुष्कळांना विश्रांतीने एक-दोन दिवसांत आराम पडतो, हे खरं आहे. पण लाल लघवीची कारणं अनेक असतात. खूप ताण पडून स्नायूंचे तंतू तुटले तरी असाच रंग येतो आणि त्यात मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. मुतखडा असू शकतो, जंतुसंसर्ग असू शकतो. यातलं काय आहे ते घरबसल्या रंग बघून मला कळणार नाही, तुम्हाला कळणार नाही आणि मेसेज लिहिणाऱ्याला तर नाहीच नाही. लघवीची तपासणी करायची, डॉक्टरांना “मी हाताने ड्रम वाजवते” हे आपणहून सांगायचं, आणि ते हो म्हणेपर्यंत वाद्याला हात लावायचा नाही. पाणी भरपूर प्यावं, धने-जिऱ्याचंही प्यावं, माझी काहीच हरकत नाही. पण ‘रियाज चालू ठेवा’ हे तीन शब्द ज्याने लिहिले, त्याने पोरांच्या जिवाशी खेळ केलाय.

पुतणीला दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरकडे नेलं. सुदैवाने दोन दिवसांत लघवी स्वच्छ झाली. मग रविवारी ऐरोलीला गेलो आणि तिला म्हटलं, आता बस आणि रोज कशी बसतेस ते दाखव.

क्लबहाऊसमधली प्लॅस्टिकची हातवाली खुर्ची. तिची बैठक मागे उतरती, त्यामुळे बसल्याबरोबर गुडघे कमरेच्या वर गेले. गुडघे वर म्हणून पाठीला पोक आलं, पोक आलं म्हणून मान पुढे, आणि कोपरं खुर्चीच्या हातांना अडकू नयेत म्हणून दोन्ही खांदे कानाशी. त्यात टाचा उचललेल्या आणि मांड्यांनी बोंगो असा आवळलेला की पाय थरथरत होते. उजव्या तर्जनीत चांदीची अंगठी, तिच्याखाली बोटाचं मूळ सुजलेलं, वर चिकटपट्टी गुंडाळलेली. मेसेजमधला एकेक नियम तिने इमानेइतबारे पाळला होता.

आवळण्याचा नियम तर मुळातच उलटा आहे. बोंगोच्या लाकडी खोडालाही गुंजायचं असतं. करकचून धरलंत तर आवाज दबतो, खुलत नाही. गुडघ्यांनी त्याला फक्त आधार द्यायचा, तबल्याला चुंबळ देते तसा. चुंबळ तबल्याचा गळा दाबत नाही.

मी तिथल्या हॉलमधली लोखंडी घडीची खुर्ची मागवली. हात नसलेली, सपाट. वर टॉवेलची एक घडी, म्हणजे गुडघे कमरेच्या पातळीत किंवा किंचित खाली राहतात. खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसायचं, दोन्ही पावलं पूर्ण जमिनीवर. बोंगो गुडघ्यांच्या मध्ये, पोटऱ्यांवर टेकलेला. उजव्या हाताने वाजवणाऱ्याचा मोठा ड्रम उजवीकडे, लहान डावीकडे. घसरत असेल तर रबरी जाळीच्या मॅटचा तुकडा मध्ये घाला. वाकायचंच झालं तर कमरेतून, पाठ गोल करून नाही. आणि अंगठी काढून आईकडे द्यायची.

बसणं सुधारलं तसा पाचच मिनिटांत आवाज बदलला. हे तिच्या आईने स्वयंपाकघरातून ओळखलं.

आता दुखण्याचं. यात अर्धं खरं आहे आणि ते मी नाइलाजाने मान्य करतो. पहिले काही आठवडे बोटांची टोकं चुरचुरतात, कातडी हळूहळू राठ होते, त्याला इलाज नाही. पण चुरचुरणं वेगळं आणि सूज वेगळी. सांध्यात कळ आली, मनगट ठणकलं, अंगठ्यापासून मधल्या बोटापर्यंत मुंग्या येऊन रात्री जाग आली, तर तो हात तयार होत नाहीये, बिघडतोय. मुंग्या म्हणजे मनगटातली नस दबल्याची खूण असू शकते. माझ्या बरोबरीच्या दोन कोंगोवाल्यांनी ती वर्षानुवर्षं अंगावर काढली. आज त्यातल्या एकाला शर्टाचं बटण लावताना त्रास होतो.

आवाज जोराने निघत नाही, उचलण्याने निघतो. तव्यावरची भाकरी उलटताना बोट कसं लागतं आणि लगेच उठतं, तसं. बोटाचं पहिलं-दुसरं पेर काठाशी लागलं पाहिजे. बोटांची मुळं रिंगवर आदळायची नाहीत. मनगट हाताच्या रेषेत सरळ आणि सैल. ‘खांद्यातून थाप’ हा नियम इथेच बाद होतो. खांद्यातून दिलेली थाप लहान ड्रमच्या ७ इंची चामड्यावर उतरवायची म्हणजे घणाने टाचणी ठोकण्यासारखं आहे. क्युबात बोंगोच्या मूळ ठेक्याला ‘मार्तिओ’ म्हणतात आणि त्याचा अर्थ हातोडी होतो, हे खरं. पण ती बोटांची हातोडी आहे.

आणि एक गोष्ट मेसेजमध्ये नावालाही नाही, जिच्यामुळे निम्म्या पोरांचे हात सुजतात. पावसाळा! जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडच्या दमट हवेत चामडं ओल धरतं, सैल पडतं, आवाज बसतो. पोरांना वाटतं आपलीच थाप कमी पडतेय, म्हणून ती जोर वाढवतात. अरे, पाना घ्या आणि बोल्ट आवळा! समोरासमोरचे, आळीपाळीने, एका वेळी पाव फेरा. जुन्या काळी क्युबात बोंगोचं चामडं खिळ्यांनी ठोकलेलं असायचं, तेव्हा ते विस्तवावर शेकून ताणत, आपल्याकडे हलगी शेकतात तसं. पुतणीचा लहान ड्रम मी दीड फेरा ताणला. त्यावर तिने नुसतं बोट टेकवलं तरी टणकन वाजला.

बाकीचे नियम फार वेळ देण्याच्या लायकीचे नाहीत. सलग चार तास शिकाऊ पोराने वाजवायचं कारणच नाही. वीस-पंचवीस मिनिटं, मग उठून हात झटकायचे, पाणी प्यायचं, पुन्हा बसायचं. मिठाच्या पाण्याने कातडी सुकते आणि भेगा पडतात. त्यापेक्षा रात्री खोबरेल तेल लावा.

स्टँडची गोष्ट तेवढी नीट सांगतो. क्युबात बोंगो परंपरेने बसून, गुडघ्यांत धरूनच वाजवतात, तिथपर्यंत मेसेज बरोबर आहे. पण आपल्या ऑर्केस्ट्रात एकाच माणसाला बोंगो, कोंगो आणि बरोबरीने ऑक्टोपॅडही (इलेक्ट्रॉनिक ड्रमपॅड) सांभाळायचा असतो, तो स्टँड नाही वापरणार तर काय करणार? ज्यांची कंबर किंवा गुडघे धरतात त्यांच्यासाठी तर स्टँडच बरा. फक्त उंची नीट लावा. कोपरं अंगालगत सैल सोडल्यावर हात कोपरापासून आडवे किंवा जरा उतरते राहिले पाहिजेत. बहुतेक ठिकाणी स्टँड वीतभर वर लावलेला असतो आणि वाजवणारा तासाभरात खांदे चोळायला लागतो.

गणपतीची तयारी करणाऱ्या मंडळांना एक विनंती. बोंगोला वेगळा माइक द्या. कीबोर्ड स्पीकरवर आणि बोंगो उघड्यावर, असं असलं की पोरगं स्वतःला ऐकू यावं म्हणून जीव खाऊन मारतं. चामड्यापासून चार बोटांवर एक साधा माइक पुरतो. त्या सोसायटीच्या ग्रुपवर पुतणीसारखी आणखी अकरा मुलं आहेत आणि तो मेसेज अजून तिथेच आहे, तो आज काढा. माइक नसेल तर माझा घेऊन येतो. ठाण्याहून ऐरोली दोन स्टेशनांवर आहे.