‘गिअरबॉक्सच्या ऑइलला हात लावू नका’ म्हणे!

जुनी ऑटोमॅटिक गाडी असणाऱ्यांच्या फोनवर एक संदेश कधी ना कधी येऊन जातोच. गाडी ॲक्सिलरेटरला उशिरा दाद देते, गिअर बदलताना झटके देते? मग बॅटरीची वायर रात्रभर काढून ठेवा, थ्रॉटल कंट्रोलर नावाची डबी बसवा, जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरा, सिग्नलला आणि उतारावर न्यूट्रल करा. आणि काहीही झालं तरी गिअरबॉक्सच्या ऑइलला हात लावू नका, कारण ‘ते आयुष्यभराचं असतं, जुन्या गाडीत बदललं की गिअरबॉक्स बसतो’.

शेवटच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करतो. उतारावरचं न्यूट्रल सोडलं, तर बाकीचे सल्ले पाळून फार तर पैसे वाया जातील, हा पाळला तर गिअरबॉक्स जाईल.

टॉर्क कन्व्हर्टरवाल्या (इंजिन आणि गिअरबॉक्स ऑइलमार्फत जोडणाऱ्या) ऑटोमॅटिकमध्ये ऑइल नुसतं वंगण नसतं. त्याच्याच दाबावर क्लच प्लेट्स एकमेकींना धरतात, त्याच्यातूनच इंजिनचा जोर पुढे जातो आणि तेच सगळ्याची उष्णता वाहून नेतं. किती घर्षण हवं हे त्यातली रसायनं ठरवतात आणि ती उष्णतेने झिजतात. कितीतरी कंपन्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुरवणाऱ्या झेडएफ या जर्मन कंपनीचाच सल्ला 80,000 ते 120,000 किलोमीटर किंवा 8 वर्षांनी ऑइल बदला असा आहे. बनवणाराच बदला म्हणतोय, तिथे ‘आयुष्यभर’ कुठून आलं?

‘बदललं की बसतो’ ही मात्र पूर्ण थाप नाही, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडावी तसला प्रकार आहे. लोक ऑइल बदलायला जातात तेच गिअर स्लिप व्हायला लागल्यावर. तोवर क्लच प्लेट्स संपलेल्या असतात, आणि गिअरबॉक्स बसला की खापर नव्या ऑइलवर फुटतं. यात खरी भीती एकच: कधीच ऑइल न बदललेल्या गिअरबॉक्सला मशीन लावून जोरात फ्लश केलं, तर तळाचा गाळ सुटून व्हॉल्व्ह बॉडीच्या (ऑइलचा दाब कुठे जायचा ते ठरवणाऱ्या भागाच्या) बारीक वाटांमध्ये अडकू शकतो. म्हणून फ्लश टाळा. पॅनमधून (गिअरबॉक्सच्या तळाच्या ताटलीतून) निघेल तेवढं काढा आणि तेवढंच भरा. टॉर्क कन्व्हर्टर आणि कूलरमधलं जुनं ऑइल आतच राहतं, त्यामुळे थोडी गाडी चालवून हेच दोन-तीनदा करावं लागतं. पॅन उघडलाच आहे तर त्यातलं मॅग्नेट बघा. करड्या रंगाची मऊ पेस्ट चालायचीच. धातूचे कण किंवा काळे तुकडे दिसले, तर कुठलंही ऑइल कामाला येणार नाही.

ऑइल कोणतं, हे मॅन्युअलमध्ये असतं तेच. सीव्हीटीचं (ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिकचं) वेगळं, ड्युअल क्लचचं (दोन क्लचवाल्या ऑटोमॅटिकचं) वेगळं. संदेशात या सगळ्यांना सरसकट ‘ऑटोमॅटिक’ म्हटलंय, तिथेच लिहिणाऱ्याची ओळख पटते. लेव्हल बघायची रीतही प्रत्येक गाडीची निराळी. बऱ्याच गाड्यांत ठरावीक तापमानाला इंजिन चालू ठेवून बघतात, होंडाच्या अनेक गाड्यांत बंद केल्यावर लगेच. कमी भरलं तर डी किंवा रिव्हर्स लागायला वेळ लागतो. जास्त भरलं तर फेस होऊन पुन्हा दाबच मिळत नाही.

आता थ्रॉटल कंट्रोलर. ज्या जुन्या गाडीत पेडलपासून थ्रॉटलपर्यंत (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेपर्यंत) केबल जाते, तिथे ही डबी बसतच नाही. इलेक्ट्रॉनिक पेडल असेल तर ती पेडल आणि ईसीयूच्या (इंजिनच्या कॉम्प्युटरच्या) मध्ये बसते आणि तुम्ही अर्धं दाबलं की पाऊण दाबल्याचं सांगते. पूर्ण दाबलं तर पूर्णच, त्यामुळे पॉवर अजिबात वाढत नाही. पाय थोडा जास्त दाबला तरी तेच होतं, आणि पाय फुकट आहे. शिवाय गिअर कधी बदलायचा हेही बहुतेक गाड्यांत पेडलच्या त्याच आकड्यावरून ठरतं. तो फुगवला की वरचा गिअर उशिरा पडतो, जरा दाबलं की किकडाऊन होतो (खालचा गिअर पडतो), आणि हळू ट्रॅफिकमध्ये गाडी उचक्या देत चालते. कुणाला ते तरतरीत वाटत असेल तर वाटो, दुरुस्ती मात्र म्हणू नका.

खरा घोळ बहुतेकदा वेगळ्याच ठिकाणी असतो. गिअरबॉक्स आपल्या मनाने काही करत नाही. इंजिनवर किती भार आहे असं त्याला कळतं, त्यावर तो दाब आणि वेळ ठरवतो. ही माहितीच चुकली तर धडधाकट गिअरबॉक्सही वेड्यासारखा वागतो. हवा मोजणारा एमएएफ सेन्सर मळला की हवा कमी मोजली जाते, भार कमी समजला जातो, दाब कमी लावला जातो आणि क्लच घसरतात. थ्रॉटल बॉडीत कार्बन साचला की पेडलला दाद उशिरा मिळते. स्पार्क प्लग किंवा कॉइल मिस करत असेल तर कन्व्हर्टर लॉक झाल्यावर (म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडले गेल्यावर) गाडी थरथरते आणि लोक गिअरबॉक्स खोलायला निघतात. इंजिन माउंट (इंजिन धरून ठेवणारे रबरी आधार) बसलेले असले तर साधा गिअर बदलही दणका वाटतो. त्याहून जुन्या गाड्यांत ही माहिती वायरीने जात नसे. इंजिनच्या ओढीवरून भार कळवणारी व्हॅक्युमची नळी चिरली की गिअर उशिरा आणि कडक पडतात. जनरल मोटर्सच्या 700आर4 सारख्या गिअरबॉक्समध्ये थ्रॉटल व्हॉल्व्हची केबल थेट दाबच ठरवते. ती सैल ठेवून गाडी पळवली की क्लच जळतात.

म्हणून आधी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारं यंत्र) लावा, नळ्या बघा, एमएएफ त्याच्यासाठीच्या स्प्रेने धुवा (कार्ब क्लीनरने नाही). थ्रॉटल बॉडी साफ करताना इलेक्ट्रॉनिक असेल तर पाकळी बोटाने ढकलू नका, आणि नंतर आयडल री-लर्न (पाय काढलेला असतानाचा इंजिनचा वेग ईसीयूला पुन्हा शिकवणं) करून घ्या.

बॅटरी काढण्याचं काय? अनेक गाड्यांत त्याने ईसीयूने शिकलेली जुळवणी पुसली जाते, म्हणून गाडी थोडे दिवस वेगळी वाटते. दोष तसाच असेल तर ती पुन्हा तेच शिकते. काही गाड्यांत गिअरबॉक्सची जुळवणी बॅटरी काढूनही पुसली जात नाही, त्याला स्कॅनरच लागतो. दुरुस्तीनंतर रीसेट करायला अर्थ आहे, दुरुस्तीऐवजी नाही.

ऑक्टेन म्हणजे नॉकिंग (इंजिनात पेट्रोल अवेळी पेटून होणारी ठकठक) न होऊ देण्याची क्षमता. इंजिनला त्याची गरजच नसेल तर फरक पडत नाही.

राहिलं न्यूट्रल. सिग्नलला दर वेळी न्यूट्रल-डी केलं की क्लच तितक्या वेळा जास्त सुटतो आणि लागतो. उतारावर तर ते धोक्याचंच, इंजिन ब्रेकिंग जातं. पेट्रोलही वाचत नाही: बहुतेक इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये असताना पाय काढला की वेग पुरेसा असेपर्यंत इंधन तोडतात, न्यूट्रलमध्ये इंजिनला आयडलपुरतं लागतंच. सवय बदलायचीच असेल तर चढावर थांबताना ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरायची बदला. त्याने कन्व्हर्टरमधलं ऑइल भराभर तापतं. तिथे ब्रेक दाबा.