ब्लँकेट हातात असताना

परवा आमच्या चर्चच्या मंडळीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर पाळकसाहेबांनी टाकलं की लेस्बॉसच्या निर्वासित छावणीत मदतीला पुन्हा एक टीम जाणार आहे, नावं द्या. तासाभरात अकरा नावं आली, बहुतेक पंचविशीच्या आतली. त्यातल्या तिघांनी मला वेगळा मेसेज करून विचारलं, "ताई, तुम्ही जाऊन आलाय ना? काय काय न्यायचं?" विजेरी, जाड मोजे, पावसाचं जॅकेट हे लगेच सांगून टाकलं. काय न्यायचं नाही ते सांगायला मात्र जागा लागते, म्हणून इथे लिहितेय. मंडळीतल्या काहींना हे रुचणार नाही, याची कल्पना आहे.

मी गेले २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये. लेस्बॉस बेट ग्रीसचं, पण नकाशात बघाल तर तुर्कस्तानला जवळजवळ टेकलेलं. उत्तरेच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की पलीकडचे डोंगर स्वच्छ दिसतात. २०१५ साली पाच लाखांहून जास्त माणसं रबरी बोटींतून याच बेटावर उतरली. बेटाची स्वतःची वस्ती एक लाखही नाही. तेव्हा माणसं उतरायची आणि पुढे जायची. मार्च २०१६ मध्ये अशा माणसांना तुर्कस्तानने परत घ्यावं असा युरोपीय संघाचा तुर्कस्तानशी करार झाला, आणि उतरलेली माणसं बेटावरच अडकायला लागली. मोरिया छावणी अशीच तुंबत गेली. जागा तीन हजारांच्या आसपास लोकांची, आणि आम्ही पोचलो तेव्हा आत-बाहेर मिळून त्याच्या चौपट. कुंपणात मावेनात म्हणून शेजारच्या ऑलिव्हच्या बागांमध्ये तंबू पसरले होते. त्या भागाला सगळे ‘जंगल’ म्हणायचे. आम्ही पोचायच्या थोडं आधी, सप्टेंबरच्या शेवटी, छावणीत आग लागून एक बाई गेली होती.

(निघायच्या आधीच्या रविवारी चर्चमध्ये बायबलमधला प्रेषितांची कृत्ये, अध्याय विसावा वाचला गेला. पौलाचं जहाज ज्या मितुलेनेला लागतं, ते या बेटाचं मुख्य शहर. आम्हाला फार भरून आलं. पौल तिथे जेमतेम थांबला आणि जहाज पुढे निघालं, हे परत आल्यावर लक्षात आलं. आम्ही निदान दोन आठवडे काढले!)

काम काय होतं? कपड्यांच्या गोदामात मापाप्रमाणे ढीग लावायचे. ब्लँकेटं वाटायची. आईबापांशिवाय आलेल्या मुलांच्या विभागाच्या फाटकावर रात्री बसायचं. आणि सगळ्यांत अवघड म्हणजे नव्याने आलेल्यांना रात्रीपुरती जागा शोधायची. चार जणांच्या तंबूत सहा जण झोपलेले असतात, त्यांना उठवून सांगायचं, अजून दोघांना घ्या. ते वैतागायचे, ओरडायचे, आणि शेवटी सरकायचे. तिथे सगळेच एकमेकांना ‘माय फ्रेंड’ म्हणतात. पोलीसही, रांगेतला माणूसही, शिवी देणाराही.

बहुतेक अफगाण होते. त्यांची दरी भाषा, म्हणजे अफगाणी फारसी, मला येत नव्हती, पण दर दोन वाक्यांनी ओळखीचा शब्द भेटायचा. कागदाला ते ‘काग़ज़’ म्हणतात, आठवड्याला ‘हफ्ता’, ब्लँकेटला ‘कंपल’. दरवाजा, गरम, चादर, सगळं आपलंच. आश्रयाच्या अर्जासाठीच्या मुलाखतीच्या तारखेचा काग़ज़ जिवापलीकडे जपलेला, घड्या पडून फाटायला आलेला, पुन:पुन्हा उघडून दाखवायचे. काहींची तारीख वर्षाच्याही पुढची होती.

एका संध्याकाळी मी आणि आमच्यातली एक जण ब्लँकेटं वाटत होतो. तिच्या गळ्यात क्रूस होता. तिचं मन स्वच्छ, हे मी शपथेवर सांगेन. प्रत्येकाला ब्लँकेट देताना ती हात धरून म्हणायची, "येशू तुमच्यावर प्रेम करतो." दुभाषा ते सांगायचा. दुभाषा म्हणजे तरी कोण, त्याच छावणीतला एक पोरगा. एक बाई पुढे आली, कडेवर लहान मूल, मागे दोन. दुभाष्याने तोंड उघडायच्या आतच तिने क्रूसाकडे बोट केलं आणि म्हणाली, "ईसा खूब. ईसा खूब." येशू चांगला. हसून, मान डोलवून, दोनदा. तिची नजर सगळा वेळ आमच्या मागच्या गठ्ठ्यावर होती. तिला तीन ब्लँकेटं हवी होती आणि आमचा नियम कुटुंबाला दोनचा होता.

माझी मैत्रीण त्या रात्री रडली, आनंदाने. मला झोप लागली नाही.

कारण त्या बाईला दुसरं काय म्हणता आलं असतं? ‘ईसा खूब नाही’ असं म्हणायची सोय होती का तिला? आमचा नियम आम्हाला माहीत होता, क्रूस असो-नसो ब्लँकेट मिळणारच होतं. पण हे तिला कुणी सांगितलं होतं? दुसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्याने दुभाष्यामार्फत सरळच विचारलं, तुमच्या प्रार्थनेला आलो नाही तर तंबू मिळेल ना? दुभाष्याने खाली बघत भाषांतर केलं.

परत आल्यावर मी थोडं वाचलं. ग्रीसमध्ये दुसऱ्याला आपल्या धर्माकडे ओढणं हा १९३८ पासून गुन्हा आहे, आणि त्यांच्या राज्यघटनेतही त्याला मनाई आहे. मिनोस कोक्किनाकिस नावाचे एक यहोवा विटनेस होते, म्हणजे घरोघर जाऊन धर्म सांगणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाचे, त्यांना या कायद्याखाली साठहून जास्त वेळा अटक झाली. शेवटी प्रकरण युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेलं आणि १९९३ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. आपल्या लोकांना हा निकाल सांगायला आवडतो, बघा, साक्ष द्यायचा, म्हणजे आपला विश्वास दुसऱ्याला सांगायचा हक्क मिळाला! मिळालाच. पण त्याच निकालात एक रेघही ओढलेली आहे. साक्ष देणं वेगळं आणि अनुचित धर्मप्रसार वेगळा. वस्तूंचं किंवा सोयींचं आमिष दाखवणं, संकटात किंवा गरजेत असलेल्यावर दबाव आणणं, हे दुसऱ्या प्रकारात मोडतं. आणि हा फरक सांगताना न्यायाधीशांनी आधार कशाचा घेतला? जागतिक चर्च परिषदेच्या छत्राखाली १९५६ मध्ये तयार झालेल्या अहवालाचा. म्हणजे हे आपल्याच घरातल्यांनी आधी लिहून ठेवलेलं होतं. रेड क्रॉस आणि मदत संस्थांची १९९४ ची आचारसंहिताही तेच म्हणते, मदतीचा वापर कुठलं राजकीय किंवा धार्मिक मत पुढे नेण्यासाठी करायचा नाही.

बाप्तिस्म्याचा, म्हणजे ख्रिस्ती होण्याच्या विधीचा प्रश्न तर याहून किचकट. इराण किंवा अफगाणिस्तान सोडून आलेला माणूस ख्रिस्ती झाला, तर परत पाठवल्यावर त्याच्या जिवाला धोका असतो, आणि हा धोका आश्रयाच्या अर्जात धरला जातो. देश सोडल्यानंतरचं धर्मांतर असलं तरी तेवढ्याच कारणावरून नवा अर्ज आपोआप फेटाळता येणार नाही, असं युरोपीय संघाच्या न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ऑस्ट्रियातल्या एका इराणी माणसाच्या प्रकरणात म्हटलंय. हे योग्यच आहे. पण त्यामुळे छावणीत बाप्तिस्म्याचा दाखला हासुद्धा एक काग़ज़ होतो. खऱ्या विश्वासाने आलेल्याला अधिकारी उलटसुलट प्रश्न विचारून खोटा ठरवू बघतात, आणि नुसत्या कागदासाठी आलेल्याला दोष देण्याची माझी छाती नाही. माझ्या मुलांना घेऊन मी त्या चिखलात वर्षभर राहिले असते तर मी काय काय म्हटलं असतं, देव जाणे. दोन आठवड्यांसाठी आलेल्या पाहुण्याने या गुंत्यात हात घालू नये. वर्षानुवर्षं तिथे राहणारे, त्यांची भाषा शिकलेले पाळक आहेत, ते बघतील.

आता मी प्रोटेस्टंट असून पोपचा दाखला देतेय म्हणून कुणी हसेल, हसू दे. एप्रिल २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस याच मोरियात आले आणि जाताना आपल्या विमानातून बारा सिरियन माणसांना घेऊन गेले. तीन कुटुंबं, सगळी मुसलमान. ख्रिस्ती का नाहीत, असं पत्रकारांनी विचारलंच. त्यांचं उत्तर असं होतं की आपण धर्म बघून निवड केली नाही, या कुटुंबांची कागदपत्रं तयार होती. बस. मला यात पूर्ण शुभवर्तमान दिसतं.

त्याच बेटावर स्काला सिकामिनियास नावाचं कोळ्यांचं गाव आहे. २०१५ मध्ये तिथल्या तीन आज्या एका परक्या तान्ह्या बाळाला बाटलीने दूध पाजतायत, असा फोटो जगभर गाजला. त्यांच्या आया १९२२ साली आशिया मायनरमधून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातून, जीव घेऊन याच पाण्यावरून पळून आल्या होत्या. बाळाच्या आईला कुणी काही विचारलं नव्हतं.

परत आल्यावर उपासनेत मला साक्ष द्यायला उभं केलं. स्लाइड तयार होत्या, एकीत ती बाई होती, कडेवरच्या मुलासकट. फोटो कुणी काढला, मला माहीत नाही. तिला विचारून नक्कीच काढला नव्हता. मी ती स्लाइड काढायला लावली. पंचांपैकी एकांनी शेवटी विचारलं, "किती जणांनी प्रभूला स्वीकारलं?" मी ब्लँकेटांचा आकडा सांगितला. सभागृहात थोडी चुळबुळ झाली.

"मग सुवार्ता सांगायचीच नाही का?" हे पाळकसाहेब मला तेव्हापासून विचारतायत, प्रेमानेच. सांगा ना. कामाची वेळ संपवा, संस्थेचं जॅकेट काढा, हात रिकामे करा. मग कुणी स्वतःहून येऊन विचारलं तर त्याच्याबरोबर बसा, जिथून त्याला वाटेल तेव्हा उठून जाता येईल अशा जागी. मला असा एक जण भेटला होता. तासभर बोललो. त्याने शेवटी मान हलवली, नाही पटत म्हणाला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी रांगेत त्याने मला हात केला. दोन आठवड्यांत मला स्वतःचा अभिमान वाटला, तो तेवढाच एक प्रसंग.

मोरिया सप्टेंबर २०२० मध्ये जळून गेली, बारा हजारांवर माणसं एका रात्रीत उघड्यावर आली. आता छावणी मावरोवूनीला आहे, समुद्राच्या काठावर, लष्कराच्या जुन्या गोळीबार मैदानावर. तुम्ही तिथे जाल. तिघांपैकी एकाने विचारलंय की फारसी बायबलच्या नव्या कराराच्या प्रतींचं खोकं बॅगेत घेऊ का, वजनात बसतं. नको रे. त्या वजनात बूट घे, पुरुषांचे, ४१ आणि ४२ नंबरचे. आमच्या वेळी तेच कायम संपलेले असायचे. पण जायच्या आधी तिथल्या लोकांना फोन करून विचार, आता नंबर बदललेही असतील.