एसएमबी१, ७७७ आणि 'लिनक्सला व्हायरस लागत नाही': एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्दे खऱ्या ऑफिसातले आहेत, त्यामुळे दोन ओळींत उरकता येत नाही. थेट इथे आलेल्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात देतो. उबंटू लिनक्सवर सांबाचा (लिनक्सवरचे फोल्डर विंडोजला दाखवणारा प्रोग्राम) फाइल सर्व्हर, समोर विंडोज ७, १० आणि ११ ची सरमिसळ, शिवाय एक जुना कॉपियर-स्कॅनर. "एसएमबी१ बंद करा म्हणता, मग स्कॅनर आणि विंडोज ७ ची मशीन भंगारात द्यायची का? ७७७ दिलं नाही तर रोज 'रीड-ओन्ली'च्या तक्रारी येतात. एसएसएचचा पासवर्ड बंद करायची पायरी केली, तरी पासवर्ड चालतोच. नव्या लॅपटॉपवर शेअर उघडत नाही. आणि सगळं राउटरच्या आत आहे, लिनक्सला व्हायरस लागत नाही, मग एवढा खटाटोप कशाला?"

(एसएमबी म्हणजे नेटवर्कवर फाइली शेअर करायची विंडोजची भाषा, म्हणजे प्रोटोकॉल, आणि एसएमबी१ ही तिची जुनी आवृत्ती. ७७७ म्हणजे सगळ्यांना सगळा परवाना. एसएसएच म्हणजे दुरून सर्व्हरवर लॉगिन करायची सोय. कमांड आणि सेटिंगची नावं इथे देवनागरीत लिहितोय, टाइप अर्थातच इंग्रजीत करायची.)

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीची उत्तरं त्यावर टेकलेली आहेत. अशा ऑफिसात लिनक्स सर्व्हरवर संकट येतं ते बहुतेक वेळा बरोबर पासवर्ड घेऊन. अकाउंट्सच्या कुणीतरी मेलमधली फाइल उघडली, त्यांच्या विंडोजवर रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम) चाललं, आणि त्याला झेड ड्राइव्ह दिसला. तो ड्राइव्ह म्हणजे तुमचा सांबा शेअर. सर्व्हरला व्हायरस लागायची गरजच नाही. 'या फाइली बदल' असा हुकूम अधिकृत युजरकडून आला आणि सर्व्हरने तो इमानदारीत पाळला, एवढंच. राउटर यात कुठेच येत नाही. म्हणून प्रत्येक सेटिंगला एकच प्रश्न विचारायचा: एक लॅपटॉप बिघडला तर तो किती नुकसान करू शकेल?

आता एसएमबी१. विंडोज ७ ला त्याची गरज नाही. ते एसएमबी २.१ बोलतं. एसएमबी१ वर अडकलेल्या असतात त्या एक्सपी आणि सर्व्हर २००३ च्या काळातल्या गोष्टी, आणि तुमच्यासारखे स्कॅनर. खात्री करायची तर सर्व्हरवर रूट (सर्वाधिकार असलेला युजर) म्हणून एसएमबीस्टेटस चालवा, म्हणजे कोण कशाने जोडलंय ते दिसेल. प्रोटोकॉलच्या रकान्यात विंडोज ७ पुढे एसएमबी२_१०, विंडोज १० आणि ११ पुढे एसएमबी३_११ दिसेल. एनटी१ दिसलं तर ते एसएमबी१. स्कॅनर फाइल टाकून लगेच निघून जातो, त्यामुळे कुणाला तरी वीस पानं फीडरमध्ये लावायला सांगा आणि तेवढ्या वेळात 'वॉच' लावून ही कमांड दर सेकंदाला चालवा. नाहीतर यादी स्वच्छ दिसेल आणि बंद केल्यावर दुसऱ्या दिवशी फोन येईल.

सांबाने ४.११ पासून, म्हणजे २०१९ पासून, एसएमबी१ मुळातच बंद ठेवलं आहे. तुमची आवृत्ती त्यानंतरची असून ते चालू असेल, तर कुणीतरी 'सर्व्हर मिन प्रोटोकॉल = एनटी१' ही ओळ मुद्दाम घातली आहे. टेस्टपार्म (सांबाची सेटिंग तपासून छापणारी कमांड) चालवलं की दिसेल. २०१७ च्या वॉनाक्राय या रॅन्समवेअरचा दाखला इथे नेहमी दिला जातो, पण ती फट विंडोजच्या एसएमबी१ मध्ये होती, सांबाच्या नाही. सांबावर बंद करण्याचं कारण वेगळं आहे. एसएमबी१ मध्ये विंडोजला कळणारं एन्क्रिप्शन नाही, आणि जुनी यंत्रं त्यासोबत एनटीएलएम-व्ही१ हा मोडीत निघालेला लॉगिन प्रकारही मागतात. सांबाने तोही ४.५ पासून बंद ठेवला आहे. म्हणूनच पुष्कळ जण फक्त प्रोटोकॉल खाली आणतात आणि मग 'पासवर्ड बरोबर आहे तरी राँग पासवर्ड' म्हणून डोकं धरून बसतात. मग 'एनटीएलएम ऑथ'ही सैल केलं जातं, आणि ते एका स्कॅनरसाठी अख्ख्या सर्व्हरला लागू होतं. किमान प्रोटोकॉल हे ग्लोबल सेटिंग आहे, एका शेअरपुरतं देता येत नाही. खरी अडचण ही.

स्कॅनर भंगारात द्यायची गरज नाही. आधी त्याचं फर्मवेअर (यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर) बघा, काही मॉडेलना अपडेटनंतर एसएमबी२ मिळालं आहे. नाही मिळालं तर मेलवर स्कॅन किंवा एफटीपी आहे का बघा. तेही नसेल तर एक छोटं व्हीएम (मशीनच्या आत चालणारं आभासी मशीन) किंवा कोपऱ्यात पडलेलं जुनं मशीन घ्या आणि त्यावर वेगळा सांबा लावा. शेअर एकच, 'स्कॅन'. एनटी१ आणि एनटीएलएम-व्ही१ फक्त तिथे चालू. 'होस्ट्स अलाउ'मध्ये (कुणाला जोडू द्यायचं ती यादी) फक्त स्कॅनरचा आयपी, आणि त्या मशीनच्या फायरवॉलमध्येही ४४५ आणि १३९ हे एसएमबीचे पोर्ट त्याच आयपीला. मुख्य सर्व्हरने दर मिनिटाला क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी कमांड चालवणारी सोय) तिथल्या फाइली ओढून घ्यायच्या. दिशा महत्त्वाची आहे: त्या मशीनकडे मुख्य सर्व्हरची कुठलीही की (पासवर्डऐवजी चालणारी एसएसएचची चावी) किंवा पासवर्ड नको. आणि त्यावरचा स्कॅनचा पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरलेला नको, कारण तो फुटणार असं धरूनच चालायचं.

७७७ बद्दल. तक्रार खरी आहे, इलाज मात्र चुकीच्या जागी लागलाय. वर्ड-एक्सेल फाइल सेव्ह करताना जुन्या फाइलवर लिहीत नाहीत. नवी तात्पुरती फाइल करतात आणि तिचं नाव बदलून जुनीच्या जागी ठेवतात. म्हणजे दर सेव्हला फाइल नव्याने जन्मते, आणि तिचे परवाने ठरतात सांबाच्या 'क्रिएट मास्क'वरून. तो मुळात ०७४४ असतो: मालकाला सगळं, ग्रुपला फक्त वाचन. तुम्ही सोमवारी सगळीकडे ७७७ देता, मंगळवारी कुणीतरी शीट सेव्ह करतं आणि बाकीच्यांना पुन्हा रीड-ओन्ली. मग ७७७ ची कमांडच क्रॉनमध्ये जाते. (हसू नका, सर्रास दिसतं.)

दुरुस्ती अशी. विभागवार ग्रुप करा, समजा 'अकाउंट्स'. फोल्डरचा ग्रुप तो ठेवा आणि परवाना २७७०. सुरुवातीच्या २ मुळे आत तयार होणाऱ्या प्रत्येक गोष्टीला तोच ग्रुप मिळतो. शेअरमध्ये 'क्रिएट मास्क = ०६६०', 'फोर्स क्रिएट मोड = ०६६०', 'डिरेक्टरी मास्क = २७७०', 'फोर्स डिरेक्टरी मोड = २७७०' आणि 'व्हॅलिड युजर्स = @अकाउंट्स'. आधीच्या फाइलींना फाइंड कमांड वापरून एकदाच ६६० आणि फोल्डरना २७७० द्या. फाइल आणि फोल्डर वेगवेगळे हाताळा, चमॉड (परवाने बदलणारी कमांड) -आर लावून आतल्या सगळ्याला सरसकट एकच परवाना नको. कुणाला ग्रुपमध्ये नव्याने घातलं तर त्यांनी विंडोजमधून साइन आउट करून परत यायचं, चालू सेशनला नवा ग्रुप कळत नाही.

आणि 'लिनक्सला व्हायरस लागत नाही' याबद्दल: मे २०१७ मध्ये उघड झालेली सीव्हीई-२०१७-७४९४ ही सुरक्षेची फट बघा. सांबा ३.५ पासूनच्या सगळ्या आवृत्त्यांत ती होती. लिहिता येणाऱ्या शेअरवर एक लायब्ररी फाइल टाकायची आणि सर्व्हरकडूनच ती चालवून घ्यायची, असा हल्ला. सगळ्यांना उघडा असलेला ७७७ शेअर म्हणजे त्यासाठी तयार ठेवलेलं पाट-पाणीच.

रॅन्समवेअरवर मला खरा भरवसा स्नॅपशॉटचाच वाटतो. झेडएफएस किंवा बीटीआरएफएस या फाइल सिस्टीमवर दर तासाला रीड-ओन्ली स्नॅपशॉट (त्या क्षणाची गोठवलेली प्रत) घ्या. क्लायंटला ते शेअरमधून पुसता येत नाहीत. 'शॅडो_कॉपी२' मोड्यूल लावलं की विंडोजमध्ये 'प्रीव्हियस व्हर्जन्स'मध्ये ते दिसतात. स्नॅपशॉटच्या नावात भारतीय वेळ असेल तर 'शॅडो:लोकलटाइम = येस' द्या, नाहीतर वेळा साडेपाच तासांनी चुकतात. स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. बॅकअप वेगळ्या मशीनवर हवा, आणि त्या मशीनने इथून डेटा ओढायचा. फाइल सर्व्हरकडे बॅकअपच्या मशीनची चावी असेल तर एकाच फटक्यात दोन्ही जातात.

एसएसएचची पायरी बरोबर आहे, पण उबंटूवर एक गंमत आहे. एसएसएचच्या मुख्य सेटिंग फाइलच्या सुरुवातीलाच 'एसएसएचडी_कॉन्फिग.डी' फोल्डरमधल्या फाइली वाचल्या जातात, आणि एसएसएच पहिली मिळालेली किंमत धरतो, नंतरची सोडून देतो. त्या फोल्डरमध्ये '५०-क्लाउड-इनिट' नावाची फाइल असेल आणि तिच्यात पासवर्ड 'येस' असेल तर तुमचं खालचं 'नो' कुणी विचारत नाही. '०१-' ने सुरू होणारी स्वतःची फाइल करा, त्यात 'पासवर्डऑथेंटिकेशन नो' आणि 'केबीडीइंटरॅक्टिव्हऑथेंटिकेशन नो' दोन्ही घाला. मग 'एसएसएचडी' मोठ्या टी अक्षरासह चालवा: प्रत्यक्ष लागू होणाऱ्या किमती छापून येतात. छोटा टी फक्त चुका तपासतो. चालू सेशन बंद न करता दुसऱ्या खिडकीतून कीने लॉगिन होतंय हे बघा, मगच पहिली सोडा.

फायरवॉलचं पटकन: ४४५ फक्त ऑफिसच्या सबनेटला (ऑफिसच्या आतल्या आयपींना), एसएसएचचा २२ फक्त तुमच्या मशीनला. त्याच सर्व्हरवर डॉकर (प्रोग्राम वेगवेगळ्या डब्यांत चालवायची सोय) असेल तर सावध. त्याने पब्लिश केलेले पोर्ट यूएफडब्ल्यूच्या (उबंटूची फायरवॉल) नियमांना वळसा घालून उघडे राहतात. 'डॉकर-युजर' चेनमध्ये नियम लिहा, किंवा पोर्ट १२७.०.०.१ लाच, म्हणजे त्याच मशीनपुरतं, बांधा.

नव्या लॅपटॉपचं कारण बहुधा तुमचा पासवर्डविना गेस्ट शेअर आहे. विंडोज ११ प्रो २४एच२ मध्ये एसएमबी साइनिंग (प्रत्येक संदेशावर डिजिटल सही) सक्तीचं झालं आणि गेस्ट लॉगिन बंद. गेस्टला पासवर्डच नाही, तर सही कशाने करणार? पॉलिसी सैल करायचे उपाय नेटवर सापडतील, ते करू नका. युजर करा, शेल 'नोलॉगिन' ठेवा (म्हणजे सर्व्हरवर थेट लॉगिन नाही), 'एसएमबीपासडब्ल्यूडी -ए' ने सांबाचा पासवर्ड द्या (लिनक्सचा आणि सांबाचा पासवर्ड वेगळा असतो). लॅपटॉप मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर असेल तर तो युजर म्हणून ईमेल पाठवतो, म्हणून लॉगिनच्या खिडकीत सर्व्हरचं नाव, बॅकस्लॅश, युजर असं पूर्ण लिहायचं. एरर १२१९ आली तर त्याच सर्व्हरशी दुसऱ्या नावाने जोडणी आधीच उघडी आहे. 'नेट यूज'ने ती काढा आणि क्रेडेन्शियल मॅनेजरमधली जुनी नोंदही पुसा.

तरीही अडलं तर टेस्टपार्मचं ग्लोबल भागापुरतं आउटपुट आणि स्कॅन चालू असतानाचा एसएमबीस्टेटस इथेच टाका. युजरची नावं आणि आयपी मात्र खोडून.