पंधरा टक्क्यांचा दलाल?

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला तीन साहित्यिक ग्रुपांवर दिसला. त्याचं सार असं: साहित्यिक एजंट म्हणजे दलाल. तो आधी पैसे घेतो, ओळखीवर हस्तलिखित पुढे सरकवतो, घरबसल्या लाखो कमावतो, मराठीत त्याची गरज नाही आणि वर महिनोन्‌महिने उत्तरही देत नाही. नागपुरात धंतोलीतल्या एका खोलीत बसून मी हेच काम करतो: लेखकाच्या वतीनं प्रकाशक शोधायचा आणि करार ठरवायचा. तेव्हा राजेहो, माझंही ऐका.

‘आधी पैसे घेतो.’ हस्तलिखित नुसतं वाचायचे पैसे मागणारा एजंट नव्हेच. लेखकाला पैसे मिळाले की त्यातून एजंटाचं कमिशन कापलं जातं. देशातल्या करारावर साधारण १५ टक्के, परदेशी हक्कांवर २०, कारण तिथे बहुधा तिकडच्या एजंटालाही वाटा द्यावा लागतो. पुस्तक छापून देण्याचं ‘पॅकेज’ विकणारे वेगळे. मेसेज लिहिणाऱ्याचे हात तिथे पोळलेले दिसतात.

‘नुसत्या ओळखी.’ हे मात्र मला झोंबलं. काटोलकडचे एक गुरुजी पहिल्या कादंबरीचा करार घेऊन आले होते. सही करायचीच बाकी होती. “छापून राहिले तेच खूप,” म्हणाले. करारात लिहिलं होतं: सर्व भाषा, सर्व माध्यमं, जगभर, कायमचे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं १९वं कलम लेखकाच्या बाजूनं बरंच काही सांगतं. हक्क देण्याची मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरायची. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच. घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तो लेखकाकडे परत येतो. पण शेवटच्या तरतुदीला एक शेपूट आहे: करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर! आणि छापील मसुद्यात नेमकं तेच ‘वेगळं’ बारीक अक्षरात बसलेलं असतं. सात आठवडे मेल चालले. शेवटी प्रकाशकाकडे फक्त मराठी छापील आवृत्तीचा हक्क गेला, तोही ५ वर्षांसाठी. अनुवाद, ऑडिओ आणि पडदा गुरुजींकडे राहिला. दरवर्षी विकलेल्या प्रतींचा हिशेब द्यायचं कलमही घातलं. त्या प्रकाशकाला मी आजवर भेटलेलो नाही.

‘लाखो कमावतो.’ ३०० रुपयांचं पुस्तक, १००० प्रती, १० टक्के रॉयल्टी. सगळी आवृत्ती खपली तर लेखकाला ३० हजार, मला साडेचार. तेही खपायला दोन-तीन वर्षं. म्हणून दुपारपर्यंत मी मुद्रितं तपासतो आणि एजंट होतो तो जेवणानंतर.

‘मराठीत गरज नाही.’ अर्धं मान्य. मराठी लेखक थेट प्रकाशकाला फोन लावतो, संमेलनात गाठतो. विदर्भ साहित्य संघ १९२३पासून आहे, आणि इथल्या लेखकांच्या कित्येक पिढ्या एजंटाशिवायच छापून आल्या. पहिला कवितासंग्रह घेऊन येणाऱ्याला मी चहा पाजून परत पाठवतो. पण तीच कादंबरी इंग्रजीत दिल्लीला न्यायची असेल, तर नमुन्याची दोन-तीन प्रकरणं अनुवादित करून घ्यावी लागतात, चांगला सारांश लिहावा लागतो, कोणत्या संपादकाला काय रुचतं ते ठाऊक असावं लागतं. नकार पचवून पुढच्या दाराशीही जावं लागतं. वेबमालिकेसाठी हक्क मागणारा आला की त्याला किती महिन्यांसाठी बांधून घ्यायचं, हेही ठरवावं लागतं. शाळा सांभाळून गुरुजी हे कधी करणार?

राहिला शेवटचा आरोप, उत्तर न देण्याचा. तो खरा आहे. आत्ता टेबलावर सतरा हस्तलिखितं पडली आहेत, आणि सगळ्यात खालचं गेल्या तान्ह्या पोळ्याच्या आधी आलेलं आहे.