फिटनेस आहे म्हणून रोज गाडी बघायची नाही? तो मेसेज पुढे पाठवू नका

इंदूरमधे ट्रान्सपोर्ट लाईनच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज खूप फिरतोय. त्यात लिहिलंय की गाडीचा फिटनेस (गाडी रस्त्यावर चालवायला ठीक असल्याचा सरकारी दाखला) चालू असेल तर निघण्याआधी रोज तपासणी म्हंजे फुकट वेळ घालवणं, टायर ठोकून बघितला की पुरे, ब्रेक फेल होणं नशिबाचा भाग आणि नव्या गाड्यांना एबीएस असतं, शिवाय ब्रेकची हवा गेली (मोठ्या गाडीचा ब्रेक दाबाच्या हवेवर चालतो) तरी ब्रेक आपोआप लागतो. आपल्या ओळखीचे चांगले चांगले ड्रायव्हर हे पुढे पाठवतायत म्हणून लिहितोय.

फिटनेसचं आधी. आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला तो दोन वर्षांसाठी मिळतो, त्याहून जुनीला एक वर्षासाठी. म्हंजे त्या कागदावर त्या एका दिवसाची गाडी आहे. त्यानंतर लायनर (ब्रेकमधला घासून चाक थांबवणारा थर) किती झिजलं, कुठला पाइप घासला गेला, हे कागदाला कसं कळणार?

आता ब्रेक नशिबाने फेल होतो म्हणतात ते. इंदूरहून मुंबईकडे जाताना मानपूरच्या पुढे गणपती घाटात अपघात होऊन इतक्या गाड्या गेल्या, इतकी माणसं गेली की शेवटी नवा रस्ता काढावा लागला, आणि दर वेळी बातमीत तेच, ब्रेक फेल. पण होतं काय ते बघा. भरलेली गाडी उतारावर सारखी ब्रेकवर ठेवली की ड्रम (चाकाबरोबर फिरणारा लोखंडी डबा, ज्यावर लायनर दाबतं) तापतो, तापला की फुगतो आणि लायनरपासून लांब जातो, मग चेंबरच्या (हवेच्या जोराने ब्रेक लावणाऱ्या डब्याच्या) रॉडला जास्त बाहेर यावं लागतं, आणि स्लॅक ॲडजस्टर (रॉड ब्रेकला जोडणारा, ढिलेपणा काढायचा दांडा) आधीच ढिला असेल तर रॉडची चाल तिथेच संपते, तुम्ही पेडल कितीही दाबा. सपाटीवर, ड्रम थंड असताना हीच गाडी व्यवस्थित थांबत होती, त्यामुळे ड्रायव्हरला वाटतं अचानक झालं. अचानक नाही झालं हो, तो ढिलेपणा कितीतरी दिवस तिथे होता, खाली वाकून कोणी बघितलं नाही.

आणि ते आपोआप लागणारं? हवेचं प्रेशर फार उतरलं की मागच्या चेंबरमधली स्प्रिंग ब्रेक लावते, एवढं खरं आहे. पण घाटात बहुतेक वेळा हवा असते, ब्रेक तापलेला असतो, आणि ती स्प्रिंगसुद्धा त्याच स्लॅकमधून त्याच तापलेल्या ड्रमवर तेच लायनर दाबणार. एबीएस चाक जाम होऊ देत नाही, बस. झिजलेल्या लायनरला ते ताकद देत नाही.

यासाठी करायचं काय तर गाडी सपाटीवर, चाकांखाली ठोकळे, हवा पूर्ण भरून इंजिन बंद, हँडब्रेक सोडलेला. क्लीनरला पेडल दाबून धरायला सांगा, हवेच्या प्रेशरचा काटा उतरतो का बघा, कुठे सूं सूं आवाज येतो का ऐका, आणि मग प्रत्येक चाकाच्या रॉडची चाल बघा. एक जरी बाकीच्यांपेक्षा जास्त बाहेर येत असेल तर गाडी आधी मिस्त्रीकडे. हवेच्या टाकीतलं पाणी काढायचं तेही यातच, ते साठलं की व्हॉल्व्ह खराब होतात.

टायर ठोकण्याने एवढंच कळतं की हवा जवळपास गेलीय की नाही. जोडीतल्या आतल्या टायरमधे हवा कमी असेल तर वजन बाहेरच्यावर येतं, कमी हवेचा टायर आत तापत राहतो आणि हातोडीला त्याचा पत्ता नसतो. गेज लावा, टायर थंड असताना. नक्षी १.६ मिमीपेक्षा कमी म्हंजे कायद्यानेही बाद. नटापासून गंजाची ताजी रेघ आली असेल तर तो नट ढिला आहे असं समजूनच बघा.

राहिलं वेळेचं. मालक म्हणतो माल आज पोचला पाहिजे, ड्रायव्हर बिचारा काय करणार, हे मला माहीत आहे आणि मेसेज लोकांना पटतो तो यामुळेच. पण मोटार वाहन कायद्याचं कलम १९० वाचा. साधी काळजी घेतली असती तर सापडला असता असा दोष असलेली गाडी रस्त्यावर आणली तर १,५०० रुपये दंड, त्यातून कोणाला इजा झाली किंवा नुकसान झालं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. आणि हे फक्त चालवणाऱ्याला नाही, अशी गाडी चालवायला लावणाऱ्यालाही आहे. तेव्हा गाडीमालकांनो, बिल्टी (मालाची पावती) हातात देताना त्या तपासणीचा अर्धा तास तुम्हीच धरून द्या, आणि ड्रायव्हरने स्लॅक ढिला आहे म्हणून गाडी उभी केली तर त्या दिवसाचा भत्ता कापू नका.