रोज ५० रिक्वेस्ट पाठवून ओळखी होत नसतात

"नोकरी हवीये? आधी हे वाचा" असा तो मेसेज तुमच्यापर्यंत आलाच असेल. माझ्याकडे तो भाचीकडून आला आणि तिने तो नुसता वाचला नव्हता, त्याप्रमाणे करायलाही लागली होती, म्हणून हे लिहायला बसले. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: ८५ टक्के नोकऱ्या नेटवर्किंगने मिळतात तेव्हा अर्ज करणं बंद करा, लिंक्डइनवर रोज ५० अनोळखी लोकांना रिक्वेस्ट टाका, समोरच्याने ती घेतली की पहिल्या दिवशी कौतुक करा आणि तिसऱ्या दिवशी रेफरल मागा, म्हणजे त्यांच्या कंपनीत तुमचं नाव सुचवायला सांगा, मोठ्या लोकांच्या प्रत्येक पोस्टवर कमेंट करा, आणि जुन्या सहकाऱ्यांत वेळ घालवू नका कारण त्यांना तुमच्याएवढंच माहीत असतं.

८५ टक्क्यांचं आधी उरकते. हा आकडा लू अ‍ॅडलर नावाच्या भरती सल्लागाराने २०१६ मध्ये लिंक्डइनवर मांडलेल्या सर्व्हेतून फिरतोय. ज्यांना भरावासा वाटला त्यांनी भरलेला सर्व्हे, त्यावरून जगातल्या सगळ्या नोकऱ्यांचा हिशोब मांडता येत नाही. आणि जुन्या बॉसने बोलावून घेतलं तर तेही ओळखीतूनच झालं ना, त्यात अनोळखी माणसांचा काय संबंध? शिवाय रेफरल मिळालं तरी बऱ्याच ठिकाणी अर्ज भरावाच लागतो. ज्याला नोकरीची निकड आहे त्याला अर्ज बंद करायला सांगणं हा बेजबाबदारपणा आहे.

पण मला खरा राग आला तो कौतुक आणि तिसऱ्या दिवशी रेफरल या प्रकाराचा. मी माझ्या टीमसाठी इंटरव्ह्यू घेते, असे मेसेज मला सतत येतात. "तुमचा प्रवास खूप प्रेरणादायी आहे मॅम", बस, मी काय काम करते याचा त्यात एक शब्द नसतो आणि मग दोन दिवसांनी रिझ्युमे. रेफरल देणारा आपलं नाव पणाला लावत असतो हे तो सल्ल्याचा मेसेज लिहिणाऱ्याला माहीतच नाही का? एचआर विचारते की या माणसाला तुम्ही कसं ओळखता, त्याचं काम कसं आहे. मी काय सांगणार? एकतर खोटं बोलायचं नाहीतर नाही म्हणायचं, आणि बहुतेक लोक दोन्ही टाळायला उत्तरच देत नाहीत. इकडे पाठवणाऱ्या मुलामुलींना वाटतं की आपल्यातच काहीतरी कमी आहे. माझी भाची हेच विचारत होती मला, की माझ्या प्रोफाइलमध्ये काय चुकतंय, कोणीच का बोलत नाही. प्रोफाइलमध्ये काही चुकत नव्हतं, चुकीचा होता तो सल्ला, आणि तो देणाऱ्याला या मुलांच्या मनाचं काय होतं याच्याशी घेणंदेणं नाही.

त्यापेक्षा एखाद्याने केलेलं काम खरंच बघा, त्यातलं अडलेलं विचारा, त्याने सुचवलेलं करून बघा आणि काय झालं ते परत कळवा. हे शेवटचं जवळजवळ कोणीच करत नाही, आणि जो करतो त्याचं नाव माझ्या लक्षात राहतं.

आता ५० रिक्वेस्ट. रिक्वेस्ट धडाधड पाठवल्या आणि लोकांनी त्या दुर्लक्षित केल्या तर लिंक्डइन तुमच्या अकाउंटवर बंधनं घालतं, हे मेसेजमध्ये कुठे आहे? आणि अनोळखी माणसांच्या ढिगाऱ्याचा उपयोग किती, तर त्याचा अभ्यास झालेला आहे. २०२२ मध्ये 'सायन्स' या जर्नलमध्ये आला, लिंक्डइनच्या २ कोटी यूजर्सवर ५ वर्षं प्रयोग, तोही त्यांना न सांगता, त्यावरून टीकाही झाली. "यांना तुम्ही ओळखत असाल" ही जी सुचवणूक दिसते ती वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळ्या प्रकारे दाखवली आणि पुढे नोकऱ्या कशा बदलल्या ते बघितलं. अगदी घट्ट नात्यांतून नोकरी बदलायला सगळ्यात कमी मदत झाली, आणि ज्यांच्याशी बोलणं फार नाही अशा लोकांतून जास्त. एवढं मेसेजवाल्याचं खरं आहे, मान्य करावं लागेल, १९७३ मध्ये समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटरनेही साधारण हेच मांडलं होतं. पण त्याच अभ्यासात हेही निघालं की सामाईक ओळखी अगदीच नसल्यासारख्या असतील तर उपयोग पुन्हा घसरतो. सगळ्यात कामाची ठरली ती मधली माणसं, म्हणजे रोजचं बोलणं नसेल, पण तुमच्यात काही ओळखी सामाईक आहेत. रँडम ५० जणांत अशी किती मिळणार?

प्रत्येक पोस्टवर कमेंटबद्दल फार बोलत नाही. सांगण्यासारखं असेल तर लिहा, नाहीतर "ग्रेट इनसाइट सर" वाचून कोणी तुम्हाला लक्षात ठेवत नाही.

आणि जुने सहकारी निरुपयोगी? अहो, २०११ मध्ये 'ऑर्गनायझेशन सायन्स' या जर्नलमध्ये लेव्हिन, वॉल्टर आणि मर्निघन यांचा अभ्यास आलाय. त्यांनी नोकरीतल्या वरिष्ठ लोकांना सांगितलं की ज्यांच्याशी कित्येक वर्षांत बोलणं नाही अशा जुन्या ओळखीच्यांना कामातल्या अडचणीबद्दल विचारा. तिथून मिळालेला सल्ला रोजच्या संपर्कातल्या लोकांपेक्षा जास्त उपयोगी निघाला. साहजिक आहे, मधल्या काळात ती माणसं दुसरीकडे गेली, वेगळं शिकली, आणि विश्वास तर आधीचाच आहे. नव्याने नोकरी शोधणारे म्हणतील आम्हाला कुठले आलेत जुने सहकारी. दोन वर्षं पुढचे सीनियर आहेत, प्रोजेक्ट तपासणारे शिक्षक आहेत, इंटर्नशिपमध्ये शेजारी बसलेली मुलगी आहे. त्यांनी तुमचं काम डोळ्यांनी बघितलंय. एचआरने विचारलं तर त्यांच्याकडे सांगायला काहीतरी असेल.